गावभागातलं चार ट्रॅकचं यंत्र

तक्रार एका ओळीची होती: दिवे लागतात, मीटर उजळतो, पण कॅसेट फिरत नाही. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात यंत्र घेऊन आलेल्या ताईंनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती तक्रारीपेक्षा जास्त कामाची निघाली. सोबतच्या खोक्यातली एक कॅसेट त्यांनी आधी एका ठिकाणी कॉम्प्युटरवर उतरवायला दिली होती. "टेप गेलेली आहे, आवाज घोगरा येतो आणि दुसरी बाजू उलटी वाजते," असं सांगून ती परत आली. घोगरा आणि उलटा या दोन गोष्टी एकत्र ऐकल्यावर टेप शाबूत असणार, असा मी अंदाज बांधला.

यंत्र जपानी बनावटीचं, ऐंशीच्या दशकातलं, मिक्सर आणि चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर एकाच पेटाऱ्यात. ताईंचे वडील पेटी वाजवत आणि हौशी नाटकांना चाली लावत. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक उभं केलं तेव्हापासून या गावाला ती खोडच आहे. गावभागात, सांगलीच्या या जुन्या वस्तीत, नाटकाशी काहीच संबंध नसलेला वाडा सापडणं अवघड. आखातात नोकरीला असलेल्या भावानं वडिलांना हे यंत्र आणून दिलं. राज्य नाट्य स्पर्धेच्या सांगली केंद्रावर उतरणाऱ्या मंडळींची गाणी आणि पार्श्वसंगीत त्यांनी माजघरात बसून यावर केलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी वाड्यात शिरलं तेव्हा खालचं सगळं भिजलं. यंत्र आणि खोकं माळ्यावर होतं, म्हणून वाचलं.

ताईंची मागणी नेमकी होती. वडिलांचा गाण्याचा आवाज वेगळा हवा, आणि साथीसहही हवा. यंत्र चालू झालं तर उत्तम, नाही झालं तरी हरकत नाही. माझ्या लेखी मात्र हे दोन्ही एकच काम होतं, कारण आवाज वेगळा मिळवायचा तर हेच यंत्र चालायला हवं होतं. तसं का, ते आधी सांगतो.

फितीवरचे चार पट्टे

कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद. साध्या स्टिरिओ कॅसेटमध्ये तिच्यावर चार पट्टे, म्हणजे ट्रॅक, असतातच: दोन एका बाजूचे, डावा आणि उजवा, आणि दोन कॅसेट पालटल्यावरचे, उलट दिशेनं जाणारे. १९७९ मध्ये टॅस्कॅमनं पोर्टास्टुडिओ १४४ बाजारात आणला तेव्हा त्यांनी केलं ते एवढंच की चारही पट्टे एकाच दिशेनं वापरले, आणि दर्जा राखण्यासाठी फितीचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरवरून दुप्पट, साडेनऊच्या आसपास नेला. पुढं इतर कंपन्यांनीही अशी यंत्रं काढली; काहींनी वेग साधाच ठेवला. आमचं यंत्र दुप्पट वेगाचं. त्यावर साठ मिनिटांची कॅसेट पंधरा मिनिटांतच संपते, आणि पालटून वाजवायचा प्रश्नच येत नाही.

आता ही कॅसेट साध्या डेकमध्ये घातली की काय होईल? पहिला-दुसरा ट्रॅक निम्म्या वेगानं, एक सप्तक खाली वाजेल, म्हणजे घोगरा. पालटली की तिसरा-चौथा ट्रॅक निम्म्या वेगानं आणि शेवटाकडून सुरुवातीकडं. त्या उतरवणाऱ्यानं ऐकलं ते खरंच होतं. चुकलं ते फक्त त्याचं निदान.

काम करायची पद्धत अशी: पहिल्या ट्रॅकवर ठेका घ्यायचा, तो हेडफोनवर ऐकत दुसऱ्यावर पेटी, मग तिसऱ्यावर गाणं. ट्रॅक कमी पडले तर दोन-तीन ट्रॅक एकत्र करून रिकाम्या ट्रॅकवर ओतायचे आणि जुने पुन्हा वापरायचे. प्रत्येक ओतण्यात थोडी हिस, म्हणजे फितीची सूं-सूं, वाढते, थोडी धार जाते. खोक्यात प्रत्येक कॅसेटसोबत घडी घातलेला कागद होता. त्यावर वडिलांच्या अक्षरात कुठल्या ट्रॅकवर काय ते लिहिलेलं: ठेका, पेटी, गायन, आणि चौथ्यावर तंबोरा व झांज एकत्र ओतलेले. असा कागद सापडणं हे अशा कामातलं मोठं भाग्य.

ओळखीच्या एकानं सुचवलं की यंत्राच्या नादी कशाला लागता, साध्या डेकवर दोन्ही बाजू उतरवा, कॉम्प्युटरमध्ये वेग दुप्पट करा, एक बाजू उलटी करा, झालं. कल्पना वाईट नाही, पण दोन ठिकाणी अडते. दोन बाजू दोन वेगळ्या वेळी वाजणार, आणि कॅसेट डेकचा वेग दोन खेपांना तंतोतंत सारखा कधीच नसतो. ठेका-पेटी एका खेपेची आणि गाणं दुसऱ्या खेपेचं असेल तर पहिल्या कडव्यापर्यंत जमेल, मग सम हुकायला लागेल. दुसरी अडचण डीबीएक्सची. ही हिस मारण्याची पद्धत. ध्वनिमुद्रण करताना आवाजाची चढउतार निम्मी दाबायची, वाजवताना दुप्पट उलगडायची. उलगडलं नाही तर आवाज भक भक श्वास घेतल्यासारखा येतो आणि वरचे सूर टोचतात. साध्या डेकवर डीबीएक्स सहसा नसतं. ते बाहेरून उलगडता येतं, पण चारही ट्रॅक एका खेपेत, एका घड्याळावर मिळणं हे फक्त याच जातीच्या यंत्रावर शक्य.

डांबर झालेला बेल्ट

झाकण उघडण्याआधी दोन गोष्टी केल्या. सगळ्या कॅसेटच्या मागच्या कडेची प्लास्टिकची नखं तपासली आणि जिथं शाबूत होती तिथं मोडली, म्हणजे चुकून रेकॉर्डची कळ दाबली गेली तरी काही पुसलं जाणार नाही. आणि विजेची तार पाहिली. यंत्र ११७ व्होल्टचं होतं. वडील ते व्होल्टेज उतरवणाऱ्या स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवत. तो ट्रान्सफॉर्मर वेगळ्या पिशवीत होता, आणि पिन मात्र आपल्याकडच्या कुठल्याही सॉकेटमध्ये सहज जाईल अशी. घरातल्या कुणी तरी थेट २३० वर लावलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

आत जे अपेक्षित होतं तेच होतं. मोटरकडून फ्लायव्हीलला, म्हणजे फितीची चाल एकसारखी ठेवणाऱ्या जड चाकाला, फिरवणारा चपटा रबरी बेल्ट वितळून काळं डांबर झाला होता. मोटरच्या पुलीवर, फ्लायव्हीलच्या कडेवर, खालच्या पत्र्यावर त्याचे थर. या वयाच्या यंत्रांत हे नेहमीचंच: त्या काळातल्या काही रबरांची रासायनिक घडण काळानुसार सुटते आणि ते पुन्हा चिकट होतं. न वापरता ठेवलं तरी होतं, किंबहुना न वापरल्यामुळं एकाच जागी जास्त होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाचे बोळे आणि चिकाटी, याखेरीज यावर उपाय नाही. हे डांबर हाताला लागलं की दिवसभर जात नाही, आणि त्याच हातानं हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, स्पर्श केला तर वेगळंच दुखणं मागं लागतं. म्हणून हातमोजे.

नवा बेल्ट घ्यायला जुन्याची लांबी मिळत नाही. अशा वेळी पुली आणि फ्लायव्हीलभोवती बेल्टच्याच मार्गानं दोरा फिरवायचा, लांबी मोजायची, आणि तिच्यापेक्षा पाचेक टक्के लहान बेल्ट घ्यायचा. जास्त ताठ घेतला तर मोटरच्या बेअरिंगवर भार येतो आणि आवाज थरथरतो. सैल घेतला तर वेग घसरतो. रुंदी आणि जाडी मूळ खाचेशी जुळायला हवी. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला कॅसेट डेकचे बेल्ट पूर्वी ढिगानं मिळत; आता चपटा, हव्या त्या मापाचा बेल्ट ऑनलाइन मागवणं सोपं.

बाकीचं थोडक्यात. फीत दांड्यावर दाबून पुढं ओढणाऱ्या पिंच रोलरचं रबर चकचकीत आणि कडक झालं होतं. साबणाच्या पाण्यानं धुऊन पकड आली नाही म्हणून बदलला. फ्लायव्हीलच्या दांड्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. (आपल्याकडं खोबरेल घालणारे आहेत. सांगलीत डिसेंबरच्या पहाटे बाटलीतलं खोबरेल थिजतं, ते बेअरिंगमध्ये काय करेल याचा विचार करावा.) फेडरची, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकत्या कळांची, खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरनं गेली. हेड अल्कोहोलनं पुसलं, यंत्र बंद ठेवून साचलेलं चुंबकत्व काढणारा डीमॅग्नेटायझर फिरवला. हेडवर फितीनं घासून पडलेला खड्डा दिसत होता, चौथ्या ट्रॅकच्या बाजूला जरा जास्त. पण अजून चालण्यासारखा होता.

मग एक नको असलेली कॅसेट तासन्‌तास चालवली. नवा बेल्ट बसायला वेळ घेतो, आणि यंत्राला फीत खाण्याची सवय असेल तर ती त्याच कॅसेटवर कळावी. खोक्यातली कॅसेट तोपर्यंत यंत्राजवळही आणली नाही.

हेडचा स्क्रू आणि राहू दिलेलं अझिमथ

दुकानातल्या पोरानं टेस्ट टेप, म्हणजे प्रमाण सूर मुद्रित केलेली फीत, काढली आणि अझिमथ लावायला घेतलं. त्याला थांबवलं. या प्रकरणात सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय हाच होता, म्हणून जरा सविस्तर.

अझिमथ म्हणजे हेडमधली फट फितीच्या धावेशी काटकोनात आहे की नाही. ती किंचित तिरकी झाली की वरचे सूर मरतात: झांज कापडात गुंडाळल्यासारखी येते, तबल्याची चाट बोथट होते. नियम म्हणून हेड टेस्ट टेपला लावायचं असतं. पण आपल्याला टेस्ट टेप ऐकायची नाही. आपल्याला जी फीत ऐकायची आहे ती याच यंत्रानं, याच हेडनं, त्या वेळी हेड ज्या कोनात होतं त्या कोनात मुद्रित केली. हेड तेव्हा थोडं तिरकं असेल तर फितीवरचं मुद्रणही तितकंच तिरकं आहे, आणि ते त्याच तिरकेपणानं वाचलं तर पूर्ण मिळतं. प्रमाणाला लावलं की ते हरवतं. हेडच्या स्क्रूवर कारखान्यातलं लाल लाखेचं सील अभंग होतं, म्हणजे त्याला कुणी हात लावलेला नव्हता. असं असताना तो फिरवणं म्हणजे कुलूप उघडत असलेली किल्ली घासणं.

इथं डीबीएक्स पुन्हा आडवं येतं. पातळी थोडी कमीजास्त झाली तर डीबीएक्सला फरक पडत नाही, हा त्याचा गुण. पण वरच्या सुरांत झालेली घट ते दुप्पट करतं. हेडवरची घाण, कॅसेटमधला सुटलेला स्पंज किंवा हललेलं अझिमथ यामुळं झांज तीन डेसिबलनं दबली असेल, तर उलगडल्यावर ती सहा डेसिबलनं दबलेली निघते. म्हणून अझिमथ तपासायचं तर डीबीएक्स बंद करून. तसं केलं की वरचे सूर नागडे ऐकू येतात आणि कान फसत नाही. मी तसंच ऐकलं, झांज खणखणीत होती, स्क्रूला हात लावला नाही. एक कॅसेट मात्र दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रावर मुद्रित केलेली निघाली. ती सगळ्यांत शेवटी ठेवली, स्क्रूच्या जागेची खूण करून कानानं तिच्यापुरतं हेड लावलं, आणि काम झाल्यावर खुणेवर परत आणलं.

स्पंजचं म्हणाल तर दोन कॅसेटमध्ये फीत हेडवर दाबणारा तो छोटा नमद्याचा तुकडा डिंक सुटून आत गडगडत होता. पुराच्या पाण्यानं नाही, पुरानंतरच्या ओलीनं. फितीच्या कडेवर पांढरी बुरशीही होती. ती कोरड्या मऊ कापडानं, तोंडाला मास्क लावून, हळूहळू गुंडाळत पुसली, आणि रीळं स्क्रूच्या नव्या कवचांत घातली. फीत काढताना ती पालटली तर जाणार नाही ना, याकडं लक्ष ठेवायचं. चार ट्रॅकच्या कॅसेटला एकच सरळ बाजू असते.

वेग: तीन साक्षीदार

आता यंत्र चालत होतं. टेस्ट टेपचा ३००० हर्ट्झचा सूर बरोबर ३००० वर येईल असा मोटरचा वेग लावला, वेग किंचित कमीजास्त करणारी पिचची कळ मधल्या खाचेत. प्रत्येक ट्रॅक वेगळा बाहेर देणाऱ्या चार टेप-आउटमधून चारही ट्रॅक एकदमच कॉम्प्युटरमध्ये घेतले, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. बहुतेक कॅसेट निर्विघ्न उतरल्या. ज्या कॅसेटसाठी ताई आल्या होत्या, नाटकातली पदं वडिलांनी स्वतः गाऊन ठेवलेली, ती ऐकताना मात्र काही तरी खटकत होतं. आवाज तरुण वाटत होता, लय थोडी उडती.

टेपचा मूळ वेग शोधायची एक प्रसिद्ध युक्ती आहे. ध्वनिमुद्रणात विजेची गुणगुण कुठं तरी शिरलेलीच असते. ती ५० हर्ट्झवर यायला हवी. जिथं येते त्यावरून वेगातली चूक काढायची. शांत जागी मोजलं, गुणगुण ४९.३ वर. या हिशेबानं टेप हळू वाजत होती आणि वेग १.४ टक्के वाढवायला हवा होता. कानाला वाटत होतं त्याच्या नेमकं उलट.

दुसरा साक्षीदार ताईंच्या घरी होता: तीच पेटी. पेटीचे सूर म्हणजे पितळी पाती, हवामानानं फारशी हलत नाहीत. पेटी आणली, टेपवरच्या सुरांशी एकेक पट्टी ताडून पाहिली. टेपवरची पेटी ३३ ते ३७ सेंट चढी. शंभर सेंट म्हणजे एका पट्टीपासून शेजारच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीपर्यंतचं अंतर, तर हा फरक त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. एकच पट्टी ४८ सेंट दाखवत होती. तिचं पातं गंजलं होतं, ती सोडून दिली. एखादं पातं काळानं घसरू शकतं, सगळी पाती एकाच मापानं घसरत नाहीत. पेटी मधल्या काळात कुणी नव्यानं लावली तर नाही ना, हे पाहायला मिरजेतल्या एका वाद्य-दुरुस्ती करणाऱ्याला दाखवली. पातं कानसून सूर बदलला की तिथलं पितळ चमकतं. टोकाशी घासलं तर सूर चढतो, बुडाशी घासलं तर उतरतो. तसा एकही ताजा ओरखडा नव्हता. ३५ सेंट म्हणजे दोन टक्के. टेप दोन टक्के जोरात वाजत होती.

मग गुणगुण खोटं का बोलली? कारण ती युक्ती जिथं ग्रीड, म्हणजे विजेचं जाळं, ५० किंवा ६० हर्ट्झला खिळून असतं तिथली आहे. आपल्याकडं ऐंशीच्या दशकात तसं नव्हतं. संध्याकाळी भार वाढला की वारंवारता साडेअठ्ठेचाळीसच्याही खाली जायची, पहाटे भार उतरला की एक्कावन्नच्या वर. २००२ मध्ये पश्चिम विभागात उपलब्धतेवर आधारित वीजदर पद्धत आली, त्यानंतर ग्रीड पन्नासच्या जवळ राहू लागलं. ४९.३ ला दोन टक्क्यांनी उतरवा: ४८.३ येतात. त्या काळच्या संध्याकाळी हा आकडा अगदी घरचा. यंत्राची मोटर डीसी सर्व्होची असल्यामुळं ग्रीड खाली गेलं तरी फितीचा वेग बदलत नाही, गुणगुण मात्र बदलते. गुणगुणीवर विसंबून वेग वाढवला असता तर पेटी साठ सेंटच्या आसपास चढी झाली असती, आणि वडिलांचा आवाज आणखी तरुण.

तरीही एक शंका उरत होती. वेगळ्या वेगानं मुद्रण करून नेहमीच्या वेगानं वाजवायचं, हे कधी मुद्दामही करतात. त्यांना पदं चढ्या सुरातच हवी असतील तर? याचं उत्तर खोक्यातच होतं: त्याच पदांची साधी स्टिरिओ कॅसेट, चार ट्रॅकवरून मिसळून नाट्यगृहात वाजवायला काढलेली. ती साध्या डेकवर लावली. पेटी घरच्या पेटीपेक्षा जेमतेम ८ सेंटनं खाली, साध्या डेकच्या चुकीत बसणारा फरक. म्हणजे मुद्रण आणि मिसळण ही दोन्ही कामं पिचची कळ खाली असतानाच झाली होती, आणि प्रेक्षकांनी ऐकलं ते पेटीच्या खऱ्या सुरात. बाकीच्या कॅसेटवर पाचेक सेंटपलीकडं फरक नव्हता, तेव्हा त्या दिवशी कळ सरकलेली होती, एवढंच.

उतरवलेल्या मूळ फायली तशाच ठेवून दुरुस्त प्रत वेगळी केली. इथं सॉफ्टवेअरमधलं लय कायम ठेवून सूर बदलणारं साधन वापरायचं नाही. ते आवाजाचे तुकडे करून जोडतं. नुसतं रीसॅम्पल करायचं, सूर आणि लय दोन्ही एकत्र उतरतात, टेप हळू चालवल्यासारखं. चार मिनिटांचं पद पाच सेकंदांनी लांबलं.

वडिलांसोबत तबल्याला बसणारे अण्णा अजून आहेत. कुठली प्रत कुठली हे न सांगता दोन्ही ऐकवल्या. आठवणीला मी पुरावा मानत नाही, पण त्यांनी पहिली प्रत थांबवायला सांगितली: "ह्यो कोण पोरगा गातोय? दुसरं लावा." दुसरी अर्धी झाल्यावर म्हणाले, "हां. आन् माजा डग्गा उतरलेला हाय, त्ये त्या वक्ताला बी कुणी सांगितलं न्हाई."

ताईंना तीन प्रकारच्या फायली दिल्या: चारही ट्रॅक सुटे, उतरवले त्याच वेगाचे, तेच दुरुस्त वेगाचे, आणि मिसळलेली पदं. मिसळताना नाट्यगृहाच्या कॅसेटवरचं प्रमाण धरलं, पेटी तिथं होती तेवढीच पुढं. चौथ्या ट्रॅकवर एका ठिकाणी फितीची कड चुरगळलेली आहे, तिथं तंबोरा क्षणभर बुजतो. दुसरीकडचा तंबोरा चिकटवून ती जागा भरता आली असती. भरली नाही, कागदावर वेळ लिहून दिली.

यंत्र परत देताना स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर त्याच्या तारेला पक्का बांधून दिला आणि मूळ पिन कापून टाकली, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटात ती जाणारच नाही. महिन्यातून एकदा कॅसेट घालून थोडा वेळ चालवा, आणि बंद करताना प्लेची कळ दाबलेली ठेवू नका, नाही तर नव्या पिंच रोलरला एका जागी खळगा पडेल, असं सांगितलं. ताईंनी विचारलं, यावर नवीन काही रेकॉर्ड करता येईल का. येईल. टाइप दोनची, म्हणजे क्रोम जातीची, कोरी कॅसेट मिळाली तर, आणि हेडची झीज पाहता चौथ्या ट्रॅकवर झांज न घेता तंबोरा घ्यावा.